पोस्टमनच्या पिशवीत

“भाऊजी, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. आधीच सांगून ठेवते.”

मेहुणीने पाकीट माझ्याकडे सरकवलं. आत एक छोटी नळी होती, तिच्या झाकणाला बारीक काडी, आणि पत्ता छापलेलं परतीचं पाकीट. काडी विष्ठेला लावायची, नळीत बंद करायची आणि पोस्टात टाकायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात असेल तर तपासणीत कळतं, आणि आतड्याचा कॅन्सर वेळेवर सापडतो. पन्नाशी उलटली की आमच्या इथला सरकारी दवाखाना हे सगळ्यांना घरी पाठवतो.

“पाळणाघरात दिवसभर लोकांची पोरं धुतेस,” मी म्हटलं, “आणि स्वतःचं म्हटलं की नाक मुरडतेस?”

“पोरांचं वेगळं असतं. आणि तुमचं काय जातंय बोलायला! जन्मभर लोकांचे तुंबलेले संडास मोकळे केलेत तुम्ही. तुम्हाला कसली शिसारी?”

खरंच होतं. मी प्लंबर. कामावरून आलो की बायको दारातूनच बाथरूमकडे बोट दाखवायची. अंघोळ केल्याशिवाय तिने मला कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही.

तिलाही असंच पाकीट आलं होतं, माझ्याबरोबरच. मी माझं उरकून टाकलं. मी कुणाचा खिसा कापून आलो असावा तशी ती आठवडाभर माझ्याकडे बघत होती.

“आपला पोस्टमन किती सज्जन माणूस,” ती म्हणाली होती. “त्याच्या पिशवीत लोकांच्या लग्नपत्रिका असतात. त्यात माझी घाण घालू? उद्या तो दारात आला तर कुठल्या तोंडाने बोलू?”

“अगं, बंद पाकीट असतं. त्याला काय कळतंय?”

“मला कळतंय ना!”

आठवण करून देणारं पत्र आलं, तेही रद्दीत गेलं. पुढे तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे आधी कळलं असतं तर...” आणि कागद चाळत बसल्या.

मेहुणी खाली मान घालून बसली होती.

“ताईनं नाही केलं,” ती म्हणाली. “आता मी केलं तर ताई मूर्ख ठरते, भाऊजी. नाही ठरत?”

म्हणजे अडलं होतं ते इथे. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते मग मी तिला सांगितलं.

“तू रविवारी यायचीस तेव्हा ती कशी दिसायची? केस विंचरलेले, चादर स्वच्छ. तू यायच्या आधी मी सगळं पुसून घ्यायचो. तिनेच बजावलं होतं, धाकटीला काही दिसता कामा नये. शेवटचे महिने तिचं सगळं मीच करत होतो. दर वेळी ती भिंतीकडे तोंड करायची. म्हणायची, माफ करा हो. मी म्हणायचो, गप गं, माझा धंदाच आहे हा. आधी हसायची. मग हसायची थांबली. शेवटी शेवटी तर तोंड फिरवायचीसुद्धा नाही. नुसती वर बघत पडून राहायची.”

मेहुणीने पदर तोंडाला लावला.

“मूर्ख नव्हती ती,” मी म्हटलं. “लाजायची फार. पण एवढी जपलेली लाज, तीसुद्धा आजाराने ठेवली नाही तिच्याजवळ.”

ती उठली. पाकीट पर्समध्ये घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ती दारात उभी.

“घरी सून असते,” ती म्हणाली. “इथे बरं. आणि पोस्टात तुम्ही टाका. पोस्टमनच्या हातात नका देऊ हं, पेटीत टाका.”

“पेटीतच टाकतो.”

तिने आतून कडी लावली. आमचं घर लहान. बाथरूमचं दार जुनं, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. मी उठून ओट्याशी गेलो आणि नळ पूर्ण सोडला. धुवायला चहाचा एकच कप होता. ती बाहेर येईपर्यंत मी तोच विसळत राहिलो.