माझ्या हातची खूण

तेहतीस वर्षं मी बायकांची मापं घेतली आणि तेहतीस वर्षं त्यांना एकच गोष्ट बजावत आले, की बाई, पोट आत घेऊ नका. पण टेप कमरेला लागली रे लागली की प्रत्येकीचं पोट पाठीला जाऊन चिकटतं. मग कपडा घट्ट होतो आणि बोल लागतो मला. या बायकांना मी आयुष्यभर मनसोक्त हसले. त्यामुळे रेडिएशनच्या आखणीच्या दिवशी, कमरेच्या वर एक चिंधी नसताना मला त्या थंडगार फळीवर उताणं निजवलं, तेव्हा मी पहिलं काय केलं असेल? पोट आत घेतलं.

"काकू, पोट सैल सोडा," ती म्हणाली. ती म्हणजे तिथली तंत्रज्ञ. लांब वेणी घालायची, म्हणून मी मनात तिचं नाव वेणीवाली ठेवलं होतं.

"सैलच आहे," मी म्हटलं, आणि थोडं सोडलं.

माझ्या डाव्या छातीतली गाठ काढून दोन महिने झाले होते. टाके सुकले होते. गाठीतलं काही उरलंसुरलं असेल तर ते जावं म्हणून आता किरण द्यायचे होते, आणि ते नेमके कुठून कुठवर पडणार याची आधी आखणी करायची होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. डावी बाजू, म्हणजे खाली हृदय. मी खोल श्वास घेऊन धरला की हृदय जरा मागे सरकणार आणि तेवढ्या वेळात ते किरण सोडणार. पण त्यासाठी मी रोज त्याच जागी, तशीच्या तशी झोपायला हवी. एवढा-तेवढा फरकही चालणार नाही. हे ऐकताना मी अशी मान डोलावत होते, जणू माझ्याकडूनच शिकून आल्यात बाई. मापाचं महत्त्व कुणी मला सांगावं, म्हणजे कमालच.

सून बरोबर आली होती. ती नऊ वर्षं माझ्या दुकानात काम करते. काजं, बटणं आणि तुरपाई तिची. माप, खूण आणि कात्री माझी. माझ्याकडे पिवळा खडू, तो एका लहानशा पत्र्याच्या डबीत कायम माझ्या खिशात. तिच्याकडे निळा, तोही बटणांच्या जागा दाखवण्यापुरता. हा कायदा मीच केला होता आणि मोडायची कुणाची टाप नव्हती.

तर मी फळीवर. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन दांड्यांना धरलेले, हनुवटी उजवीकडे. भिंतींतून आणि छतातून प्रकाशाच्या बारीक रेघा निघून माझ्या अंगावर येत होत्या. वेणीवाली आणि तिचा जोडीदार मला चादरीसकट इंच-इंच सरकवत होते. त्यांना सोपं जावं म्हणून मी खांदा उचलला. मग कंबर उचलली.

"काकू, तुम्ही मदत करू नका," वेणीवाली म्हणाली. "तुम्ही फक्त पडून राहा. सरकवायचं काम आमचं."

फक्त पडून राहणं हे काम मी आजवर केलेलं नाही. ते मला येत नाही. त्यापेक्षा मला एखादा कोट शिवायला सांगितला असता तर बरं झालं असतं.

तिने पेनाने फुलीच्या तीन खुणा केल्या, एक मधोमध आणि एकेक दोन्ही बाजूंना. तिचा हात चांगला होता. मी तिला तसं सांगितलंही. पेन जरा उभं धरत जा, हेही सांगितलं. ती म्हणाली, "बरं काकू." मग श्वास धरायची पाळी आली. वीस सेकंद धरायचा होता. नवव्या सेकंदाला मी "झाले का?" असं विचारलं. श्वास धरून बोलता येत नाही, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. चौथ्या खेपेला कसाबसा जमला आणि मशीनने माझे सगळे फोटो काढून घेतले.

निघताना तिने खुणांवर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या आणि आम्हा दोघींना बसवून सांगितलं, की दहा दिवसांनी किरण सुरू होतील, तोवर या खुणा टिकायला हव्यात. साबण नाही, तेल नाही, घासायचं नाही. "फिकट झाल्या तर आम्हाला फोन करा. स्वतः काढू नका." सुनेने ते वहीत लिहून घेतलं. मी तिच्याकडे बघून हसले. शाळकरी मुलीसारखं काय लिहायचं.

सहाव्या दिवशी मी सकाळभर इस्त्री केली. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं होतं, पण एका गिऱ्हाइकाचे तीन कोट जायचे होते. घामाने डावीकडची पट्टी सुटली, आणि आंघोळीनंतर बघते तर खुणेच्या जागी नुसता डाग. तोही आहे म्हटलं तर आहे.

"आई, फोन करते मी," सून म्हणाली.

"एका रेघेसाठी?"

"त्यांनी स्वतः काढू नका म्हणून सांगितलंय."

"त्यांना काय माहीत मी कोण आहे ते," मी म्हटलं, दुकानातलं पेन घेतलं, आरशासमोर ताठ उभी राहिले आणि एका झटक्यात फुली काढली. सुरेख आली. वेणीवालीपेक्षा सुबक आली, हे मी सुनेला दाखवलंसुद्धा. तिने फक्त वही मिटली.

दहाव्या दिवशी किरणांच्या खोलीत गेले. तिथलं मशीन आणखी मोठं होतं, दार तर माझ्या दुकानाच्या भिंतीपेक्षा जाड. पुन्हा फळी, हात वर, हनुवटी उजवीकडे. यावेळी मी पोट सैल सोडलं होतं आणि स्वतःवर खूश होते. प्रकाशाच्या रेघा आल्या. उजवीकडची जुळली, मधली जुळली, डावीकडची काही केल्या जुळेना. त्यांनी मला इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. मशीनने फोटो काढला, तो आखणीच्या फोटोशी मिळेना. शेवटी चष्मेवाले साहेब आले. आखणीचा सगळा हिशोब तेच तपासायचे.

"सव्वा सेंटीमीटर," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "फोटो न काढता किरण असेच सोडले असते तर हृदयावर गेले असते." मग वेणीवालीकडे वळून, "खुणा कुणी केल्या होत्या?"

"मी," ती म्हणाली.

"मग नोंदवताना चुकलं. तुमची सगळी नोंद काढा. त्या दिवशी आणखी किती जणांच्या खुणा केल्या तेही बघावं लागेल."

ती नोंदींचे कागद पुन्हा पहिल्यापासून उलटू लागली, तेवढं मला हनुवटी न हलवता दिसलं.

आणि मला कळलं. मी आरशासमोर उभी होते. हात खाली सोडून. फळीवर हात डोक्यावर घेऊन झोपलेल्या बाईची खूण मी उभ्या बाईवर काढली होती. हात वर घेतला की कातडी कुठल्या कुठे सरकते. मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडायच्या जागेचं, माप देताना हात हलवणाऱ्या किती गिऱ्हाइकांना मी यावरून झापलंय, त्याला गणती नाही.

त्या वेळी मी खरं काय केलं ते सांगते. मी श्वास धरला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी छान धरला गेला. वाटलं, गप्प राहू. ही तरुण आहे, चार शब्द ऐकून घेईल, उद्या विसरेल. आणि हे वाटत असतानाच मला निळा कोट आठवला.

तीन वर्षांपूर्वी बँकेतल्या बाईंचा निळा कोट मी बेतला होता. एक मुंढा बोटभर खाली कापला गेला. त्यांनी तो दुकानात घालून बघितला, हात वर केला आणि सगळा कोट वर आला. मी म्हटलं, सुनेनं खूण केली होती, शिकतेय अजून. सून तिथेच बटणं निवडत बसली होती. त्याआधी ती अधूनमधून विचारायची, आई, एकदा मी बेतून बघू का? त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. मला वाटलं, हौस फिटली असेल.

"ती खूण माझी आहे," मी फळीवरून म्हटलं.

"हो काकू, तुमच्याच अंगावर आहे," चष्मेवाले म्हणाले. "जरा पडून राहा."

"तसं नव्हे. डावीकडची मी काढली. हिची पुसली गेली होती. हिने नको म्हणून सांगितलं होतं, तरी काढली. हिचं काही चुकलं नाही."

हात वर, अंगावर कपडा नाही आणि समोर तीन माणसं. गुन्हा कबूल करायला याहून वाईट जागा नसेल. लाज वाटली का? वाटली. पण कपड्याची नव्हे. चष्मेवाले रागावले नाहीत, आणि त्यानेच जास्त लागलं. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं झालं. पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी. किरण सुरू व्हायला आठवडा जाईल."

त्याच दुपारी पुन्हा आखणी झाली. मी मदत केली नाही. वीस सेकंद श्वास पहिल्याच खेपेला धरला. या खेपेला वेणीवालीने पेन घेतलंच नाही. सुईने तिळाएवढे तीन ठिपके कातडीत गोंदले.

"आता हे पुसले जाणार नाहीत," ती म्हणाली. सुई ठेवत म्हणाली, "आणि तुम्हाला काढावेही लागणार नाहीत."

पेन उभं धर वगैरे मी काही बोलले नाही.

बाहेर सून माझी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसले आणि फुलीचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मी सांगितलं होतं, असं तिने म्हटलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. तिने म्हटलं नाही.

"आणखी एक आहे," मी म्हटलं. "तो बँकेतल्या बाईंचा निळा कोट. ती खूण माझी होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पिवळ्या खडूची होती."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"मी तुमच्याकडे बघत होते, आई. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत."

खिशात हात घातला तर डबी हाताला लागली. दवाखान्यात खडू घेऊन येणारी बाई मीच असेन. ती मी तिच्या हातावर ठेवली. म्हटलं, उद्या नवा कोट बेतायचाय, तो तू बेत, मी तुरपाई करते.

तिने झाकण उघडून आत बघितलं. खडू झिजून नखाएवढा उरला होता.

"नवा घ्यावा लागेल," ती म्हणाली, आणि डबी आपल्या खिशात टाकली.