वेनबरोसाहेबांची बढाई, पान एक्केचाळीस

मी एक वही बोलतेय. कवितांची नव्हे, पाककृतींची नव्हे, बढायांची. स्केल्डनच्या हवाई तळावर, अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, बारच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. एखादा वैमानिक फुशारकी मारू लागला की बाकीचे ओरडणार, "वही आणा रे!" मग त्याचं वाक्य जसंच्या तसं माझ्यात उतरवायचं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. पान फाडायला सक्त बंदी. ही जात मी पुरती ओळखते. आकाशात मोजकं बोलतात आणि उरलेलं सगळं बारमध्ये आणून ओततात.

त्यांतला शिरोमणी जॉसलिन वेनबरो. एके दिवशी इंजिन बंद पडलेलं विमान घेऊन हा पठ्ठ्या धावपट्टीवर सुखरूप उतरला. हातात कसब होतं, ते मी कशाला नाकारू? पण तिसऱ्या पेल्यानंतर तो खुर्चीवर चढला. "टाकी काठोकाठ भरलेली होती राव! माझ्या लाडक्या फिलिपाच्या घरावर घिरट्या घालून मीच ती संपवली. आता असं उतरवून दाखवा कोणी!"

हशा पिकला. एक्केचाळिसाव्या पानावर नोंद झाली, सह्या झाल्या.

आठवड्यानं, हवेत इंधन संपलंच कसं, याची चौकशी बसली. तिथे साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, टाकी अर्धीच भरली होती. ती भरणारा सार्जंट इमरिस प्रॉबर्ट बिचारा सांगून सांगून थकला, "मी स्वतः भरली, स्वतः तपासली." ऐकतो कोण! वेनबरोंना पदक मिळालं, प्रॉबर्टच्या बाहीवरची एक पट्टी गेली. दोन्ही साक्षीदार मूग गिळून बसले. मला तर कोणी बोलावलंच नाही. माझ्यात म्हणे नुसती थट्टा असते. मेकॅनिकांना आमच्या मेसमध्ये पाऊल टाकायची परवानगी नव्हती, त्यामुळे प्रॉबर्टला माझा पत्ताच नव्हता. फार जळला माझा जीव.

साहेब मात्र चढतच गेले. तुकडीचे प्रमुख झाल्यावर पहिलं काम कुठलं केलं असेल? मला कपाटात क्रिकेटच्या जुन्या पॅडांखाली कोंबलं. मग अख्ख्या तळाचे कमांडर झाले, मग 'सर' झाले. नवे वैमानिक आले की भाषण ठरलेलं, "सचोटी, मित्रांनो, सचोटी!" कपाटात ऐकून ऐकून माझे टाके उसवायची वेळ आली.

तीस वर्षं अशी गेली. तुकडीच्या पंच्याहत्तरीला दुपारचं मोठं जेवण ठरलं, आणि पहिल्यांदाच मेकॅनिकांनाही बायकांसह बोलावणं गेलं. मेसची व्यवस्था पाहणाऱ्या मॉरवेना हिक्सनं कपाट आवरताना मला बाहेर काढलं. जुना वैमानिक पाहुणा आला की त्यानं आपली बढाई खुर्चीवर उभं राहून स्वतः वाचायची, हा इथला रिवाज. तिनं एक्केचाळिसावं पान उघडून मला साहेबांच्या हाती दिलं.

"हे नको. अक्षर लागत नाही."

"लागतंय की सर! मोत्यासारखं आहे."

मंडळींनी टेबलं बडवायला सुरुवात केली. साहेब खुर्चीवर चढले, वाचून मोकळे झाले. पुन्हा तोच हशा.

शेवटच्या टेबलावरून एक म्हातारा उठला. प्रॉबर्ट.

"साहेब, परत वाचा. जरा मोठ्यानं. आमच्या हिला कमी ऐकू येतं."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मला घाम म्हणजे काय ते त्यांच्या बोटांवरून कळलं. "टाकी काठोकाठ भरलेली होती," त्यांनी वाचलं, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

ऑलवेनबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, म्हणजे तुम्ही भरली होती? मग मला नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं गं. त्याच दिवशी. तू म्हणालीस, एवढा मोठा साहेब खोटं कशाला बोलेल?"

आत्ता मी ऑलवेनबाईंच्या मांडीवर आहे. जेवण गार होतंय, हिक्स मला न्यायला आलीय. एकच विनंती, बाळे, थोडी थांब. बाई ते वाक्य अजून एकदा वाचताहेत.