फिरता डबा

मालिनीने डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच परत लावलं. मग ओट्याशी उभ्या उभ्याच ते पुन्हा अर्धवट उचलून तिने आत डोकावून पाहिलं. ओल्या काजूंची उसळ होती. बटाटा घालून वाढवलेली नव्हे, नुसत्या काजूंची, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

"ओले काजू पाठवलेत राजश्रीने," ती म्हणाली.

हरिहर बाहेरच्या खोलीत जुन्या चादरीची बाजाराची पिशवी शिवत बसले होते. ते उठून आले, एक काजू तोंडात टाकला आणि डोळे मिटून त्यांनी तो सावकाश खाल्ला. चांगलंच झालं, म्हणाले, आज भाजी करायला नको.

"चांगलं काय त्यात? आता हा डबा कशाने भरू मी?"

हा स्टीलचा डबा गेली अठरा वर्षं मालिनी आणि तिची शेजारीण राजश्री यांच्या घरांमधल्या चिऱ्याच्या बुटक्या भिंतीवरून, गडग्यावरून, ये-जा करत होता. तो मुळात कुणाचा, हे आता दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. बुडाशी नाव घातलेलं होतं, पण घासून घासून त्यातलं 'सौ.' तेवढं उरलं होतं, आणि सौभाग्यवती तर दोघीही होत्या. भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चार दाणे साखर तरी घालायची, ही रीत मालिनीला सासूबाईंनी शिकवली होती आणि राजश्रीला तिच्या राजापूरच्या आईने. साखरेचे चार दाणे शेवटचे कधी कुणी घातले होते, देव जाणे. आता डब्यातून फणसाची सांदणं जात, पुरणाच्या पोळ्या येत. डबा ज्या घरात रिकामा होईल त्या घराची पाळी, आणि पाळी दोन-तीन दिवसांपलीकडे अंगावर ठेवायची नाही, असं न ठरवताच ठरून गेलं होतं.

एरवी मालिनीला यात मौजच वाटली असती. पण जानेवारीपासून घरात काटकसर चालू होती. हरिहर शाळेतून मुख्य लिपिक म्हणून डिसेंबरात निवृत्त झाले. पेन्शन पगाराच्या निम्मं, आणि मुलीची, आर्याची, दापोलीतल्या कृषी विद्यापीठातली दोन वर्षं अजून बाकी. एका रविवारी नवरा-बायकोंनी बसून ठरवलं की शिलकीला हात लावायचा नाही, खर्चाला लावायचा.

ठरवताना दोघांचेही चेहरे पडले होते. महिनाभरात मात्र भलतंच झालं. त्यांना ते आवडायला लागलं. स्कूटर चादर पांघरून पडवीत उभी राहिली आणि हरिहर मारुती मंदिरापर्यंत पायी जाऊ लागले. वाटेत इतकी माणसं भेटत की एक दुधाची पिशवी आणायला त्यांना दीड तास लागे. पेपर ते वाचनालयात वाचत आणि घरी येऊन बातम्या मालिनीला सांगत, पदरची थोडी भर घालून. बाजारात जायचं ते दिवस कलल्यावर, भाजीवाल्या बाया उरलेले वाटे आवरायला लागल्या की. मालिनीचं स्वयंपाकघर तर तिला नव्याने सापडल्यासारखं झालं होतं. दोडक्याच्या शिरांची चटणी झाली, कलिंगडाच्या सालींतल्या पांढऱ्या गराची भाजी झाली, तूप कढवून उरलेल्या बेरीच्या वड्या झाल्या. आज काही फुकट गेलं नाही असं लक्षात आलं की तिला लहानपणी सागरगोट्यांचा डाव जिंकल्यासारखं वाटायचं. आणि संध्याकाळी दोघं एकमेकांशी बोलत. आधी टीव्ही बोलायचा.

बाहेर मात्र कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही तिची अट होती. आळीत कळलं की लोक चांगलं वागायला लागतील, याची तिला खरी धास्ती होती. कुणी दोन नारळ आणून ठेवील, कुणी आर्याच्या शिक्षणाची चौकशी हळू आवाजात करील. आणि सगळ्यांत आधी कळेल ते राजश्रीला. तिच्या घरात काय कमी होतं? नवऱ्याची, अनिलची, स्टेशनरी आणि झेरॉक्सची दोन दुकानं, दारात गाडी. अठरा वर्षं जिच्याशी बरोबरीने देणं-घेणं केलं तिनेच आपली कीव करायची, ही कल्पनाच मालिनीला झोंबायची. म्हणून डबा भरून जायलाच हवा होता, आणि तोच नेमका महाग पडत चालला होता.

संध्याकाळी ती हरिहरांना घेऊन मिठाईच्या दुकानापर्यंत गेली. काजूला काजूनेच उत्तर द्यावं असं तिच्या मनात होतं. काचेआडची काजूकतली तिने बराच वेळ पाहिली, भाव विचारला आणि तो ऐकल्यावर उगीचच 'ताजी आहे ना' असंही विचारलं. पुढच्या महिन्यात आर्याचा अभ्यासदौरा होता. दोघं रिकाम्या हाताने परत फिरली. वाटेत हरिहरांनी सुचवलं की डबा तसाच द्यावा आणि आत चिठ्ठी ठेवावी, उसळ उत्तम झाली होती म्हणून. मालिनीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की चिठ्ठीचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरडीत आदल्या दिवशीच्या सात पोळ्या निघाल्या. एरवी त्यांची फोडणीची पोळी झाली असती. मालिनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने त्या कुस्करून मिक्सरमधून फिरवल्या, साजूक तूप सोडलं, गूळ चिरून घातला, वेलची-जायफळ लावलं आणि लाडू वळले. हरिहरांनी एक खाल्ला, आणि परीक्षा नीट व्हावी म्हणून दुसराही खाल्ला.

"कळायचं नाही," ते म्हणाले.

लाडू झकास झाले होते, तो प्रश्नच नव्हता. पण शिळं असतं ते घरच्यांनी खायचं. दुसऱ्याच्या घरी पाठवायचं ते ताजंच. शेजारणीला शिळं पाठवणं म्हणजे तिला खाली लेखणं, हे आळीतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. उरलेले नऊ लाडू मालिनीने डब्यात रचले, गडग्यावरून राजश्रीच्या हातात दिले आणि ती काही विचारायच्या आत दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. गॅसवर काहीच नव्हतं.

दोन दिवस गेले, चार गेले, डबा आला नाही.

पाचव्या दिवशी मालिनी दोरीवरचे कपडे काढत होती तेव्हा पलीकडे राजश्री दिसली. दिसली, आणि नजरानजर होताच आत गेली. सातव्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात तेच झालं; मालिनी आत शिरली आणि राजश्री सुट्टे पैसेसुद्धा न मोजता बाहेर पडली. डबा इतका रेंगाळल्याचं मालिनीला एकदाच आठवत होतं, राजश्रीच्या सासूबाई गेल्या तेव्हा. पण तेव्हा त्या घरात सुतक होतं.

"ओळखलंन् तिने," मालिनी रोज म्हणायची.

"लाडवावर काय तारीख छापली होती?" हरिहर विचारायचे. पण आठव्या दिवशी त्यांनीही थट्टा सोडली, कारण मालिनीचं जेवणात लक्ष नव्हतं आणि कोबीचा आतला दांडा तिने चक्क टाकून दिला होता. काटकसरीतली सगळी गंमतच निघून गेली होती. पोळ्या कुस्करताना आपल्याला कशी एवढी हुशारी सुचली, याचाच तिला राग येत होता. राजश्री स्वतःच्या बाळंतपणात, कळा सुरू झाल्यावर, रात्री मालिनीलाच उठवायला आली होती, आर्या पहिल्यांदा सायकल शिकली ती राजश्रीच्या अंगणात. कीव परवडली, अबोला नको, असं शेवटी मालिनीच्या मनाने घेतलं. उद्या जायचं आणि सगळंच सांगून टाकायचं, पेन्शनचं, पोळ्यांचं, सगळं.

तिला जावं लागलं नाही. नवव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास राजश्री स्वतःच आली, आणि गडग्यावरून नव्हे, पुढल्या दाराने, पाहुण्यासारखी. थेट स्वयंपाकघरात येऊन तिने डबा ओट्यावर ठेवला तेव्हा रिकाम्या भांड्याचा ठणठणीत आवाज झाला. दोघींनीही तो ऐकला.

"रिकामाच आणलाय, ताई," राजश्री म्हणाली. "आठ दिवस बघत्येय, काय घालू तेच सुचेना. तुमच्या लाडवांच्या तोडीचं माझ्याकडे काही नाही."

मालिनीला आधी वाटलं हा टोमणा आहे. पण राजश्रीचा चेहरा टोमणा मारणाऱ्या बाईचा नव्हता. ती डब्याच्या कडेवरून बोट फिरवत होती, आणि ते बोट मालिनीला दिसलं. टोकाशी काळं पडलेलं, सालपटं निघालेलं. दुसऱ्या हाताचीही बोटं तशीच होती. ओल्या काजूच्या चिकाने कातडी अशी भाजते, हे तिला सांगायला नको होतं. पण बाजारातून सोललेले काजू आणणाऱ्या बाईच्या बोटांना चीक लागत नाही.

आपल्या हाताकडे पाहिलं जातंय हे कळल्यावर राजश्रीने तो पदराखाली घेतला, आणि मग घेऊन काही उपयोग नाही असं वाटून बाहेर काढला. काजू राजापूरहून भावाने पाठवले होते, एसटीने, सालीसकट. दोन दिवस बसून तिने ते फोडले. अनिलने एक दुकान दिवाळीनंतरच बंद केलं होतं. हल्ली सगळे मोबाईलवरूनच अर्ज भरतात, झेरॉक्स काढतंय कोण? दारातली गाडी फेब्रुवारीपासून हललेली नव्हती. तसं वाईट काही चाललं नव्हतं, उलट बरंच चाललं होतं, दोघं मिळून परसात वांगी-मिरच्या लावतात, संध्याकाळी पायी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन येतात. फक्त हा डबा आला की ती आधी घरातले सगळे डबे उघडून बघायची, परत काय पाठवता येईल म्हणून.

"तुम्हाला पेन्शन आहे, तुमचं नीट चाललंय," ती म्हणाली. "तुमच्यापुढे कमी दिसायला नको वाटायचं. आणि तुम्ही नऊच्या नऊ लाडू साजूक तुपातले पाठवता."

मालिनी स्टुलावर बसली.

"राजश्री, ते लाडू शिळ्या पोळ्यांचे होते."

राजश्रीने तिच्याकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं.

"आणि मागल्या महिन्यातली दुधीची भाजी?"

"ती दुधीची नव्हती. कलिंगडाच्या साली होत्या."

राजश्री हसायला लागली ती ओट्याला धरून खालीच बसली. मालिनीलाही मग आवरेना. आमच्या ह्यांनी दुधीची म्हणून दोनदा मागून घेतली होती, असं राजश्री मध्येच दम घेत सांगे आणि पुन्हा सुरू होई. काय झालं म्हणून हरिहर दारापर्यंत आले, दोघींकडे बघून तसेच परत गेले.

हसणं ओसरल्यावर मालिनीने चहा टाकला. सगळं बोलून झालं होतं. राजश्रीने पदराने डोळे पुसले आणि ओट्यावरच्या डब्याकडे मान केली.

"मग आता हे बंदच करूया ना, ताई? दोघींचा जीव सुटेल."

तीन महिने मालिनी याच वाक्याची वाट बघत होती. हो म्हटलं की संपत होतं, आणि कुणाला कमीपणाही नव्हता. तिने चहाखालचा गॅस बारीक केला. गेले आठ दिवस डबा आला नव्हता तेव्हा घर कसं झालं होतं, ते तिला आठवलं.

"बंद नको," ती म्हणाली. "तू मला शिळं दे. मला शिळं चालेल."

राजश्री या वेळी हसली नाही. तिने मान हलवली, चहा घेतला आणि निघताना डबा तसाच, रिकामा, मालिनीच्या ओट्यावर राहू दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला गडग्यावरून हाक आली. मालिनी गेली तेव्हा राजश्री एक छोटं पातेलं घेऊन उभी होती. वर कोथिंबीर नाही, खोबरं नाही. कडेला आमटी वाळून तिची पिवळी रेघ उमटलेली होती.

"कालची आहे," ती म्हणाली. नजर तिने खाली वळवली नाही.

मालिनीने दोन्ही हात पुढे करून पातेलं घेतलं. घरात येऊन आमटी गरम केली, ताटं वाढली. रात्रभर मुरल्याने ती दाट झाली होती, आमसूल आणि गूळ एकमेकांत मिळून आले होते. हरिहरांनी पहिला घास घेतला आणि ताटावरून मान वर केली.

"झकास. कुणी दिलीन्?"

"राजश्रीने."

"आत्ताच केली वाटतं?"

"नाही हो," मालिनी म्हणाली. तिने त्यांच्या भातावर आणखी एक पळी वाढली. "कालची आहे. आपण घरचे म्हणून दिलीन्."