देवघरामागचा पंप

"आई, दोनच गोष्टी लक्षात ठेव. पंप बंद करायचा नाही, आणि टाकीत साध्या पाण्याशिवाय दुसरं काही घालायचं नाही. बाकी मासे आपले आपण जगतेत."

नाशिकच्या बसमध्ये चढता चढता अपेक्षा हे बोलली होती. लेकीला नोकरी लागली, माशांची टाकी मात्र घरीच राहिली. सरितानं खिडकीतून तिचा हात धरून सांगितलं होतं, "व्हय गं बाई, दिला शब्द. तुझ्या माशांच्या केसाला धक्का लागू देणार नाही." माशांना केस नसतात हे सांगायच्या आत बस सुटली.

शब्द दिला तेव्हा टाकीत हवा सोडणारा तो पंप गरीब होता. साबणाच्या डबीएवढा जीव, फडताळावर बसून आपला गुणगुणायचा. पण दिवाळी सरली आणि त्याला कंठ फुटला. आधी घरघर, मग थरथर. फडताळ ज्या भिंतीला, त्याच भिंतीच्या पलीकडं सरिताचं देवघर. ती पूजेला बसली की देव्हाऱ्यातली घंटी हात न लावता किणकिणायची आणि समईची वात कापायची. खालच्या मजल्यावरच्या गोजरबाईंनी तर जिन्यात अडवून विचारलं, "सरिता, पिठाची गिरणी टाकली का गं घरात? मला बी दोन पायल्या बाजरी दळून दे की!"

सरिताची अडचण वेगळीच होती. दत्तजयंतीपर्यंत रोज पोथीचा एक अध्याय वाचायचा तिचा नेम होता, आणि अंघोळीपासून अध्याय संपेपर्यंत मौन. मौन नुसतं जिभेचं नसतं, मनातही कुणाला वाकडं बोलायचं नाही, असं तिच्या आईनं शिकवलेलं. पण ओवी डोळ्यासमोर आणि घरघर कानात, म्हणजे मनात काय यायचं ते देवालाच ठाऊक. चार ओव्या झाल्या की ती पुन्हा पहिल्या ओवीवर. असं वाचन पावतं का?

नवरा राजेंद्र मदतीला धावला, ते आणखी एक संकट. पहिल्या दिवशी त्यानं पंपावर खलबत्ता ठेवला. "वजन पडलं की हालणार नाय." पंप हालायचा थांबला, सगळं फडताळ हालायला लागलं. दुसऱ्या दिवशी पंप टॉवेलात गुंडाळला. तो इस्त्रीसारखा तापला, टॉवेलाला करपट वास सुटला. मग त्यानं पंप सुतळीनं खिळ्याला टांगला. रात्रभर तो भिंतीवर डोकं आपटत राहिला.

आज सकाळी सरिता अभिषेक आटोपून उठली. ताम्हनातलं पाणी तिनं तांब्यात ओतलं. दुधाचे थेंब, उगाळलेलं चंदन, देवाच्या अंगावरच्या चार अक्षता. हे पाणी मोरीत कसं ओतायचं? गॅलरीतली तुळस उन्हाळ्यात जळाली. दुसरी तुळस खाली फाटकाजवळ, चार जिने उतरून, आणि लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद. म्हणून ती हे तीर्थ माशांना घालायची. मत्स्य हा देवाचा पहिला अवतार, त्याच्या मुखी तीर्थ गेलं तर वाईट काय?

तांब्या घेऊन ती टाकीशी आली आणि जागच्या जागी थिजली. पंपाखाली चप्पल होती. तिचीच, कापून दोन तुकडे केलेली.

"जुनी व्हती ना तुझी," राजेंद्र खुशीत म्हणाला. "रबर हाय. धक्का पिऊन टाकतं. बघ, निम्मा आवाज गेला का नाय?"

देवाच्या भिंतीला चप्पल! सरिताचे ओठ उघडले आणि मिटले. मौन. तिनं हातानं भिंत दाखवली, चप्पल दाखवली, कपाळाला हात लावला.

"डोकं दुखतं का? चहा टाकू?"

तिनं पुढं होऊन बटणच बंद केलं.

घर एकदम शांत झालं. किती दिवसांनी! तिनं डोळे मिटून ती शांतता प्याली. डोळे उघडले तेव्हा सोनेरी मासे एकेक करून वर येत होते. पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होते, अपेक्षा लहानपणी दम लागल्यावर घ्यायची तसा श्वास घेत होते.

तिनं घाईनं बटण लावलं. घरघर सुरू झाली, पण पाण्यात बुडबुडे जेमतेम. पंप एवढा राबतोय, मग हवा जाते कुठं? तिनं बाही सारून पाण्यात हात घातला आणि नळीच्या टोकाचा बारीक भोकांचा दगड वर काढला. खरखरीत असायचा तो दगड बुळबुळीत झाला होता, पिवळट साय धरल्यासारखा. भोकं पार बुजलेली. तिनं तो नाकाशी नेला.

चंदनाचा वास आला.

"काय गं? काय झालं?" राजेंद्र विचारत होता. शब्द दोन गोष्टींचा होता आणि तिनं एकच धरून ठेवली होती.

तिनं दगड नळाखाली ब्रशानं घासला, नवऱ्याला बादली दाखवून टाकीतलं गढूळ पाणी काढायला लावलं, साठवून ठेवलेलं चांगलं पाणी हळूहळू भरलं. चप्पल उचलून दाराबाहेर ठेवली आणि आपलं पूजेचं लोकरी आसन चौघडी करून पंपाखाली सरकवलं. दगड पाण्यात सोडताच तांदूळ उकळावेत तसे बुडबुडे उसळले. पंपाचा सूर खाली आला. पलीकडं घंटी किणकिणायची थांबली. मासे अजून वरच होते, पण एक हळूच तळाकडं वळला.

सरितानं तांब्या उचलला.

"अगं, कुठं निघालीस? अध्याय राहिला ना? आन् लिफ्ट बंद हाय!"

तिनं पदर खोचला. दारातले चपलेचे तुकडे ओलांडले आणि तांब्यातलं पाणी हिंदकळू न देता, गुडघ्यावर हात ठेवत, अनवाणीच ती तुळशीकडं जिना उतरू लागली.