दोन फुंकरींमधला अर्धा तास

"फुंका. अजून. अहो, चहा गार करताय का? दमाने, शेवटपर्यंत!"

तपासणीवाल्या बाईंनी पिशवीचं तोंड बंद केलं आणि लिफ्टमेकॅनिकच्या हातात आंबट पाण्याचा पेला दिला. "प्या. आता अर्धा तास इथेच बसायचं, मग दुसरी पिशवी. जंतू पोटात उरला असेल तर तो ह्या पाण्यातला युरिया फोडतो आणि श्वासात त्याचा पत्ता लागतो. औषधं संपून महिना झाला ना? आणि आम्लपित्ताची कॅप्सूल पंधरा दिवस बंद?"

"बंद म्हणजे बंद! निखारे गिळल्यासारखे दिवस काढलेत. विचारा हिला."

पण बाईंनी हिला काही विचारलं नाही. कागदावर खूण केली आणि आत गेल्या.

शेजारी बसलेली बायको मनात दिवस मोजू लागली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवस तिने कॅप्सूल उघडून आतले दाणे नवऱ्याच्या दह्यात कालवले होते. माणूस रोज ताटावरून अर्धपोटी उठत होता, पोट धरून लिफ्टच्या खड्ड्यात उतरत होता. तिला बघवेना. डॉक्टर बंद करा म्हणाले होते, पण का ते कुणी सांगितलं होतं? एवढ्याशा दाण्यांनी काय आभाळ कोसळणार! आणि आज सकाळी इथे येताना मेडिकलवाला सहज बोलून गेला, की ह्या कॅप्सूलने जंतू मरत नाही, नुसता दबून बसतो आणि तपासणी फसते. मेल्या, आधी बोलायला तुझी जीभ झडली होती का?

ती उठली. बसली. पुन्हा उठून पाणी प्यायली. घड्याळात जेमतेम आठ मिनिटं सरली होती.

"बस की गं! तपासणी माझी आहे का तुझी?"

तिला थोरले दीर आठवत होते. त्यांनाही हाच जंतू. औषधं घेतली, बरं वाटलं, पुन्हा तपासायला कोण जातंय! चार वर्षांनी पोटाचा कॅन्सर निघाला. शेवटी जाऊबाई त्यांना एकटीने उचलून कुशीवर वळवायच्या, इतके हलके झाले होते.

"तुला सांगू? मला निकाल ठाऊक आहे," तो तिच्याकडे झुकून म्हणाला. "मंगळवारपासून आग गेली बघ. औषध नाही, पाणी नाही, आपोआप! काल वहिनीला फोन केला. म्हटलं, आपल्या घरातून गेलं ते एकदाचं. रडली गं ती."

गप्प बसावं, निकाल चांगला येईल, सगळे खूश. आणि तो जंतूही आत खुशाल नांदेल. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"चला, दुसरी पिशवी," बाईंनी दारातून हाक मारली. तो उठला, पिशवी तोंडाशी नेली.

"अहो, नका फुंकू! मी दिली होती कॅप्सूल. दह्यातून. तीन दिवस."

बाईंनी पिशवी काढून घेतली. "मग आज जंतू नाही असं आलं, तरी त्यावर भरवसा नाही ठेवता येणार. पुन्हा पंधरा दिवस बंद ठेवून या."

"रक्त तपासा ना," तो घाईने म्हणाला.

"रक्तात जुनी खूण बरं झाल्यावरही राहते. शौचाची तपासणी चालते, पण तिच्याआधीही कॅप्सूल बंदच ठेवावी लागते."

तो परत बाकावर बसला. "मला वाटलं, मी बरा झालो," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "कुक्कुलं बाळ समजलीस मला?"

"चुकलं माझं. बघवत नव्हतं हो."

त्याने खिशातून फोन काढला.

"वहिनी? काल मी जरा घाई केली. नाही, अजून नक्की नाही. मधे ती बंद केलेली कॅप्सूल पोटात गेली, पुन्हा यायचंय पंधरा दिवसांनी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने बायकोकडे पाहिलं आणि नजर फिरवली. "नाही हो, ती कशाला देईल? मीच घेतली. राहवलं नाही मला."