पेन्सिलीने भरलेलं कार्ड

शार्दूलने मैदानात पाऊल टाकण्याआधी वाकून गवताला हात लावला, तोच हात कपाळाला लावला, आणि आत्मारामराव तिथेच फसले.

एरवी हा माणूस फसणाऱ्यातला नाही. वय सत्तर, निवृत्त इंजिनिअर, बेचाळीस वर्षं जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये काढलेली. डॉक्टरने दिलेली गोळीसुद्धा आतला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय घशाखाली उतरवायचे नाहीत. पण लॅपटॉपवर सामना चालला होता अमेरिकन फुटबॉलचा, पोरं सगळी श्टुटगार्टच्या विद्यापीठाची, आणि त्यात हा एकशे पंधरा किलोचा गडी कबड्डीच्या मैदानात उतरावं तसा उतरत होता.

"अगं, इकडे ये! बघ, बघ हा काय करतोय!"

स्नेहलताबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. "कोण हा?"

"शार्दूल. तासगावचा आहे म्हणे. मास्टर्सला आलाय, दोन वर्षं झाली. कॉलेजकडून खेळतो. माथियासला हवाय तो."

माथियास म्हणजे नेकार ग्रिझलीज या व्यावसायिक क्लबचा मुख्य प्रशिक्षक. त्याला कुठलाही नवा गडी घ्यायचा झाला, आणि तो बचावाच्या पहिल्या रांगेतला असला, की त्याच्या खेळाची फिल्म आत्मारामरावांकडे यायची. पहिल्या रांगेतला म्हणजे समोरच्या संघाच्या धिप्पाड भिंतीला छातीने भिडून, ती फोडून, चेंडूवाल्याला आडवा करणारा. आत्मारामराव फिल्म बघायचे आणि एक पिवळं कार्ड भरायचे. उंची, वजन, गुण, खोडी, आणि सगळ्यात खाली एक चौकोन: व्यावसायिक म्हणून घ्यावा का? या किंवा नाइन, म्हणजे हो किंवा नाही. पंधरा वर्षांत माथियासने त्या चौकोनाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कार्ड नेहमी काळ्या शाईच्या पेनने. "पेन्सिलीने मत द्यायचं असेल तर देऊच नये," हे आत्मारामरावांचं वाक्य क्लबात सगळ्यांना पाठ होतं.

आता तुम्ही म्हणाल, मिरजेजवळच्या खेड्यातल्या माणसाला हे अमेरिकन खूळ लागलं कुठून? तर त्याला कारण पांझरकाझेर्ने या लष्करी छावणीतले अमेरिकन शिपाई.

ब्याऐंशी साली आत्माराम इथे आला तेव्हा त्याला भाषा येत नव्हती, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि रविवार तर खायला उठायचा. गावाकडे तो कबड्डीत डावा कोपरा खेळायचा. पंचक्रोशीत नाव होतं त्याचं. घोटा धरला की चढाई करणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं. त्याचे नागेशमास्तर सांगायचे, "हात खोटं बोलतात, डोळे खोटं बोलतात, पाय कधी खोटं बोलत नाहीत. पायाकडे बघ." असा हा गडी एका रविवारी कुंपणाला नाक लावून शिपायांचा खेळ बघत उभा राहिला. दुसऱ्या रविवारी, तिसऱ्या रविवारीही. चौथ्या रविवारी व्हिटेकर नावाच्या सार्जंटने हाताने बोलावलं. शब्द एक कळेना, पण पकड कळली! पहिल्याच झटक्यात त्याने एका दांडग्या पोराचा घोटा धरून त्याला असा पालथा घातला की सगळे शिपाई ओरडायला लागले. त्या दिवशी संध्याकाळी आत्माराम चिखलाने माखून घरी आला आणि स्नेहलतेला म्हणाला, "मला माणसं सापडली!" किती दिवस झाले त्याला! ती माणसं कुठल्या कुठे पांगली, व्हिटेकर तर गेलाही. पण तो चिखलाचा वास आला की आत्मारामराव अजून थबकून उभे राहतात.

तर अशा माणसासमोर तासगावचं पोर गवताला हात लावून कपाळाला लावतं! आत्मारामरावांनी फिल्म पुरती बघितलीही नाही. कार्ड ओढलं आणि खालच्या चौकोनात लिहून टाकलं: या.

मग फिल्म बघायला बसले. एकदा बघितली, दुसऱ्यांदा बघितली. तिसऱ्यांदा हळू करून बघितली आणि त्यांचा चहा निवला.

पोरगा ताकदीचा होता, दोन-दोन माणसं अंगावर घ्यायचा, मागे हटायचा नाही. पण चेंडू हलला की बाकीचे सुटायचे आणि हा डोळ्याचं पातं लवेल इतक्या उशिराने. प्रत्येक वेळी. विद्यापीठाच्या पोरांसमोर तेवढं खपतं, व्यावसायिकांसमोर नाही. माथियासने फिल्मसोबत एक शब्द लिहिला होता: लांगझाम, म्हणजे मंद. आत्मारामरावांना ठाऊक होतं, मंद नाही. पोरगा चेंडूकडे बघतच नव्हता. तो पायांकडे बघत होता.

"अहो," मागून स्नेहलताबाईंचा आवाज आला, "तुम्ही कार्ड पेन्सिलीने कधीपासून लिहायला लागलात?"

आत्मारामरावांनी कार्ड वहीखाली सरकवलं.

शनिवारी दुपारी त्यांनी शार्दूलला क्लबच्या सरावाच्या मैदानावर बोलावलं; स्नेहलताबाईही सोबत होत्या. पोरगा आला तो वाकून पाया पडला. मोठा देह, लाजरं हसू, खांद्यावर पिशवी. बोलता बोलता त्याने जे सांगितलं ते ऐकून स्नेहलताबाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, तुमचं कार्ड सोमवारी जाणार ना? मग मंगळवारी मी प्रोफेसरांना सांगतो. मास्टरआर्बाइटचा प्रबंध सोडतोय. घरी बाबांना सांगितलंय, आता खेळणारच. व्हिसाचं क्लब बघेल म्हणतात."

"अरे, शेवटचं सेमिस्टर ना तुझं?" काकू म्हणाल्या.

"हो, पण काकू, असं परत कोण बोलावणार?"

म्हणजे सगळं त्या एका चौकोनावर आलं होतं. आत्मारामरावांनी काठीच्या टोकाला बांधलेला चेंडू गाडीतून काढला.

"मी चेंडू हलवला की सुटायचं. बाकी काही बघायचं नाही."

पहिल्या खेपेला त्यांनी चेंडू न हलवता नुसता पाय उचलला. शार्दूल बाणासारखा सुटला. दुसऱ्या खेपेला पाय जागेवर ठेवून चेंडू हलवला. शार्दूल तसाच बसून! मग जीभ चावली आणि धावला. दहा वेळा केलं, वीस वेळा केलं. दरवेळी तो स्वतःला शिव्या घालायचा, डोळे वटारून चेंडूकडे बघायचा, आणि आयत्या वेळी नजर खाली, पायांवर.

शेवटी आत्मारामरावांनी गाडीतली राखाडी चादर काढली. एक टोक कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठीला बांधलं, दुसरं स्नेहलताबाईंच्या हातात दिलं आणि स्वतः चादरीमागे उभे राहिले. खालून फक्त काठीच्या टोकाचा चेंडू बाहेर.

"सत्तरी गाठली आणि आता मला मैदानात पडदा धरायला लावताय होय?" स्नेहलताबाई कुरकुरल्या, पण टोक घट्ट धरून उभ्या राहिल्या.

आता पाय दिसत नव्हते. चेंडू हलला आणि शार्दूल असा सुटला की वाऱ्याने चादर फडफडली. पुन्हा केलं, पुन्हा तसाच! आत्मारामराव चादरीमागे एकटेच हसले. काय वेग होता! पोरगा मंद नव्हताच, माथियासला काडीचं कळत नव्हतं. त्यांनी आशेने चादर खाली करायला सांगितली.

पाय दिसले आणि पोरगा पुन्हा अडकला.

"जित्याची खोड," स्नेहलताबाई हळूच म्हणाल्या. पुढचं त्या बोलल्या नाहीत, नवऱ्याकडे मात्र बघितलं.

आत्मारामरावांनी शार्दूलला बाकावर बसवलं. खिशातून कार्ड काढलं. पेन्सिलीतला 'या' पोराला दिसला आणि त्याचा चेहरा उजळला. मग त्याच्या देखत आत्मारामरावांनी तो खोडरबराने पुसला आणि खिशातलं पेन काढून लिहिलं: नाइन.

शार्दूलला आधी कळलंच नाही. मग तो उठून उभा राहिला. "काका! सुधारीन ना मी! एक वर्ष द्या!"

"कितव्या वर्षापासून कोपरा खेळतोस?"

"नवव्या."

"मग सोळा वर्षं तू पायच बघितलेस. बाळा, ही चूक नाही रे तुझी. ही तुझ्या मास्तरांची विद्या आहे, आणि सोन्यासारखी आहे. पण ती या खेळाची नाही."

"तुम्हाला काय माहीत सुधारणार नाही म्हणून?"

"कारण माझी सुधारली नाही!" आत्मारामराव इतक्या जोरात बोलले की स्वतःच दचकले. "चार वर्षं झगडलो मी. व्हिटेकर नुसता पाठ थोपटायचा. दरवर्षी वाटायचं, यंदा मोठ्या संघाचं बोलावणं येईल. लेकीचा, क्षितिजाचा पहिला वाढदिवस मैदानावर घालवला. ही एकटी बसली होती केक घेऊन. हो किंवा नाही, कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं मला. कुणी सांगितलं नाही. मला चांगलं वाटावं म्हणून सगळे गप्प बसले."

शार्दूलने पिशवी उचलली. "तुम्हाला नाही जमलं म्हणून मलाही नाही जमणार? वा रे न्याय!" आणि तो एस-बान लोकलच्या स्टेशनच्या दिशेने चालू लागला. आत्मारामराव बाकावर बसून राहिले. पोरगा बोलला ते अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच फार लागलं. स्नेहलताबाई मात्र पोरामागे धावल्या. लाडवांचा डबा होता त्यांच्या हातात. त्याच्याखाली आणखी काही होतं, ते आत्मारामरावांना दिसलं नाही.

सोमवारी कार्ड गेलं. त्यानंतरचे बारा दिवस आत्मारामराव घरात नुसते येरझारा घालत होते. लॅपटॉप उघडायचे, शार्दूलने गवताला हात लावला तिथपर्यंत बघायचे आणि बंद करायचे. "आपल्याच हाताने गावचं पोर तोडलं," असं एकदा म्हणालेही.

बाराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, दारावरची बेल वाजली. दारात शार्दूल, हातात रिकामा डबा.

"प्रोफेसरांकडे गेलो होतो मंगळवारी," तो जोडे काढताना म्हणाला. "सांगायला तोंडच उघडेना. मास्टरआर्बाइट चालू आहे. मार्चमध्ये देतो. रविवारचं कॉलेजसाठी खेळणं चालू आहे, ते नाही सोडणार."

"सोडू नकोसच," आत्मारामराव म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"आणि हे काकूंना परत." त्याने डब्यातून एक यूएसबी काढून टेबलावर ठेवली. "व्हिटेकरने काढलेली तुमच्या खेळाची फिल्म. चौऱ्याऐंशीची. लाडवांखाली ठेवली होती त्यांनी. चार वेळा बघितली, काका. हळू करून."

आत्मारामरावांनी बायकोकडे बघितलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

शार्दूलने खिशातून एक पिवळं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे धरलं. क्लबचंच कार्ड, माथियासकडून मागून आणलेलं. आत्मारामरावांनी चष्मा लावला. अक्षर किरटं होतं, पण स्वच्छ.

नाव: आत्माराम. वय: तीस. जागा: डावीकडे, पहिली रांग. गुण: घोट्याची पकड अशी कुणाची बघितली नाही; दोघांना अडवतो म्हणून मागचे सुटतात, नाव त्यांचं होतं. खोड: चेंडूकडे बघत नाही, पायांकडे बघतो. व्यावसायिक म्हणून घ्यावा का? नाइन.

आणि त्याखाली, चौकोनाबाहेर, एक ओळ मराठीत: कबड्डीत माझ्या साखळीत मात्र हाच हवा, शेजारी, कधीही.

आत्मारामराव बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी अंगठा जिभेला लावून ओला केला आणि त्या 'नाइन'वर हळूच घासला. शाई थोडी पसरली.

"पेनने लिहिलंयस," ते म्हणाले, आणि कार्ड छातीच्या खिशात ठेवलं.