कमी लिहिलेली टिप

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हॉटेलवाले हरल्याची बातमी फॉल रिव्हर शहरात पोचली, त्या दुपारी हॉटेलमालक अमादेऊने काल्दू व्हेर्द या पोर्तुगीज सुपाचं पातेलं गॅसवर तसंच सोडलं आणि सगळ्या वेटरांना स्वयंपाकघरात बोलावलं. खटला दुसऱ्याच कुणाचा होता, पण अमादेऊला आलेली करखात्याची नोटीस त्याच निकालासाठी अडली होती. कार्डावर गिऱ्हाईक किती टिप ठेवतं, त्यावरून रोख टिपेचा अंदाज बांधून केंद्र सरकार मालकाकडून कामगारांच्या आजारपण-म्हातारपणाच्या निधीचा कर घेऊ शकतं, असं न्यायालयाने ठरवलं होतं.

"टिपा लपवल्या तुम्ही आणि भुर्दंड मला!" अमादेऊ ओरडला. "आता तुमच्या पगारातून कापतो!"

"काप की," सगळ्यात जुनी वेटर देओलिंडामावशी म्हणाली. "पण आधी ते सूप बघ, खाली लागतंय."

कुणी हसलं नाही. वेटर गिल्बेर्तू पुढे झाला. त्याची बायको फर्नांडाही याच हॉटेलात वेटर होती. हिवाळ्यात ती वारली.

"अमादेऊ, पहिल्या दिवशी तूच सांगितलंस ना, रोख टिप थोडीच लिहा, तुमचाही कर वाचेल, माझाही? आम्हालाही ते गोडच वाटलं."

"मग भरताना मी एकटाच का?"

"एकटा? फर्नांडा अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही त्या निधीतली मदत मागायला गेलो; ती लिहिलेल्या कमाईच्या हिशोबानेच मिळते. खिडकीतली बाई म्हणाली, यांची कमाई एवढीच दिसते, मदतही एवढीच मिळेल. मी भांडायला लागलो. फर्नांडा म्हणाली, चल रे घरी, आपणच लिहिलंय ते. आता सांग, आपण बुडवलं ते कुणाचं!"

अमादेऊने जाऊन गॅस बंद केला. फर्नांडाच्या शवपेटीला त्यानेही खांदा दिला होता.

"पगार कापत नाही," तो म्हणाला. "माझा कर मी भरेन. पण आजपासून मिळेल तेवढी टिप लिहायची. मावशी, तूसुद्धा!"

"मला दम देतोस? तुला अंगठा चोखताना पाहिलंय मी," मावशी म्हणाली. पण त्या दिवशी तिनेही खरा आकडा लिहिला.

सरकारपासून लपवलेली कमाई आपल्याच आजारपणात आणि म्हातारपणी आपल्याला सापडत नाही. मालक 'कमी लिहा' म्हणाला, तर प्रत्येक कामगाराने तिथेच नाही म्हणावं.

मागच्या वर्षांच्या कमाईची नोंद दुरुस्त करून घ्यायची मुदत मात्र टळून गेली होती. सरकारदरबारी फर्नांडाची कमाई अजून तेवढीच आहे.